दोन पानांसाठी सव्वादोन वर्षं: सर्व्हरच्या खुल्या मानकावर काम करतानाचा अनुभव

मार्च २०२३ मधल्या एका शुक्रवारी दुपारी ग्राहकाच्या डेटा सेंटरमधून फोन आला. रॅकमधल्या एका सर्व्हरचा पॉवर सप्लाय खराब झाला होता. त्यांच्या माणसाने तो ओढून काढला, नवा आत सरकवला, आणि त्याच क्षणी सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. हॉट-स्वॅप सप्लाय असतात ते नेमकं हेच होऊ नये म्हणून. दोनपैकी एक गेला तरी दुसरा भार पेलतो, आणि मशीन चालू असतानाच गेलेला बदलता येतो. नवा सप्लाय आमच्या टेस्ट जिगवर, म्हणजे सप्लाय बसवून तपासायच्या यंत्रावर, पास होऊन गेला होता. पास झाल्याच्या कागदावर सही माझी होती.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर आहे. सर्व्हरच्या पॉवर सप्लायसाठी आम्ही टेस्ट जिग बनवतो आणि जॉबवर्कने टेस्टिंगही करून देतो. सगळी मिळून बावीस माणसं. त्या फोननंतर सव्वादोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, डेटा सेंटरच्या यंत्रांचे आराखडे खुले करणाऱ्या ओपन कम्प्यूट प्रोजेक्टमधल्या एका गटाची चाचणी-पुरवणी (मानकाला जोडायचा चाचण्यांचा भाग) पुरी झाली. तिच्यातली दोन पानं आमच्या बेंचवरून गेलेली आहेत. एवढ्या छोट्या कंपनीतून हा रस्ता कसा धरायचा हे सांगणारं मला तेव्हा कोणी भेटलं नाही, म्हणून तारखा, खर्च आणि कुठे कुठे अडलो ते इथे लिहून ठेवते. गटातल्या माणसांची परवानगी घेतलेली नाही, त्यामुळे त्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावं देत नाही.

आधी बिघाड. लॅपटॉपच्या चार्जरची पिन घालताना कधी कधी बारीक ‘चट्’ होतं ना, त्याचं कारण आत रिकामा कपॅसिटर असतो. तो जोडल्याबरोबर करंटचा मोठा घोट घेतो. सर्व्हरमध्ये हाच खेळ १२ व्होल्टवर शेकडो अँपिअरच्या शेजारी चालतो. म्हणून सप्लायच्या तोंडाशी असा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवलेला असतो की करंट बाहेर जाईल पण उलटा आत येणार नाही. दुसरी युक्ती कनेक्टरची. काही पिना लांब, काही आखूड. ग्राउंड आणि पॉवर आधी टेकतात, ‘मी नीट बसलो’ हे सांगणारी आखूड पिन सगळ्यात शेवटी टेकते आणि काढताना सगळ्यात आधी सुटते. ही युक्ती जुनी आहे. औद्योगिक कॉम्प्युटरांसाठीच्या कॉम्पॅक्ट-पीसीआयच्या हॉट-स्वॅप मानकात पिनांच्या तीन लांब्या होत्या, आणि कार्ड काढायला हरकत नाही हे सांगणारा निळा दिवा होता. टेलिकॉम यंत्रांसाठीच्या २००२ च्या अ‍ॅडव्हान्स्ड-टीसीएमध्येही तो निळा दिवा आला. हे सगळं मी त्या एप्रिलमध्ये वाचलं. कॉलेजात यातलं काही शिकवलं नव्हतं.

आमच्या जिगमध्ये सप्लाय आत ढकलायला हवेच्या दाबावर चालणारा न्यूमॅटिक सिलिंडर होता. दर वेळी तोच वेग, दर वेळी अगदी सरळ रेषा. माणूस तसं ढकलत नाही.

हे मला दाखवलं आमच्या लाइनवरच्या ताईंनी. बारा वर्षं त्या बेंचवर आहेत. मी त्यांना सप्लाय हाताने घालायला सांगितला आणि व्होल्टेजची रेषा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावून बसले. त्यांनी हँडल धरलं, अंगठा लॅचच्या बाजूला टेकवला आणि ढकललं. म्हणाल्या, “मॅडम, लॅच एका अंगाला आहे, मग जोर पण त्याच अंगाला पडणार की.” वाकून बघितलं तर सप्लाय आत जाताना किंचित तिरका जात होता. अर्धा अंश असेल. पण त्या अर्ध्या अंशाने कनेक्टरचं एक टोक दुसऱ्याच्या आधी टेकत होतं, आणि आमच्या नमुन्यात लांब आणि आखूड पिनांमधला फरकच जेमतेम दीड मिलिमीटरचा होता. हळू ढकललं की आखूड पिन टेकायची, सुटायची, पुन्हा टेकायची. त्या धरसोडीत नवा सप्लाय अर्धवट बसलेला असतानाच चालू व्हायचा, दोन सप्लायनी भार वाटून घ्यावा म्हणून जी एक सिग्नलची तार असते तिच्यावर क्षणभर चुकीचा व्होल्टेज जायचा आणि चालू असलेला सप्लाय मागे सरायचा, म्हणजे कमी वीज द्यायचा. स्कोपवर १२ व्होल्टच्या रेषेत बारीकशी खाच दिसली. ती खाच ११.४ च्या खाली गेली की ग्राहकाची मर्यादा मोडली.

मग मी ग्राहकाने दिलेला स्पेक, म्हणजे अटींचा दस्तऐवज, पुन्हा उघडला. चालू मशीनमध्ये सप्लाय घालून तपासा, व्होल्टेज अमुक मर्यादेत राहिला पाहिजे, एवढंच लिहिलं होतं. कसा घाला, किती वेगाने, किती तिरका, याबद्दल अक्षर नव्हतं. आम्ही चुकलो होतो, आणि लिहिलेलंही अपुरं होतं. दोन्ही खरं.

इथे थोडी पार्श्वभूमी. फेसबुकने ओरेगॉनमधल्या प्राइनव्हिल इथल्या डेटा सेंटरचे आराखडे २०११ मध्ये खुले केले, तिथून ओपन कम्प्यूट प्रोजेक्ट सुरू झाला. २०२२ मध्ये डेल, एचपीई, इंटेल, गूगल, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून सर्व्हरच्या सुट्या भागांच्या मानकांचं एक कुटुंब पुढे आणलं, डीसी-एमएचएस. त्यातल्या हॉट-स्वॅप पॉवर सप्लायच्या मानकाचं नाव एम-सीआरपीएस. ६० किंवा ७३.५ मिलिमीटर रुंद, ४० उंच, बहुतेकदा १८५ लांब, आणि सर्व्हरशी पीएमबस या ठरलेल्या डिजिटल भाषेत बोलणारा. कुणीही बनवला तरी कुणाच्याही सर्व्हरात बसावा ही त्यामागची इच्छा. एका कंपनीचा सप्लाय दुसरीच्या मशीनमध्ये जात नाही म्हणून एकेका डेटा सेंटरला पाच-पाच प्रकारचे स्पेअर भरून ठेवावे लागतात. ते ज्यांनी बघितलंय त्यांना या इच्छेची किंमत कळेल. माझ्यासाठी महत्त्वाचं हे की हे सगळे दस्तऐवज साइटवरून फुकट उतरवता येतात, आणि गटांचे कॉल ऐकायला पैसे लागत नाहीत.

पहिला कॉल मी जून २०२३ मध्ये ऐकला. कॅलिफोर्नियात सकाळी ८, आपल्याकडे रात्री साडेआठ, तैवानात रात्री ११. सुरुवातीलाच सांगतात की कॉल रेकॉर्ड होतोय, गोपनीय काही बोलू नका. तासभरात मला निम्मं कळलं. माणसं आडनावाने नाही, दस्तऐवजातल्या परिच्छेदाच्या क्रमांकाने बोलतात. मी पुढचे सहा कॉल फक्त ऐकले, आणि शेजारी तो दस्तऐवज छापून ठेवला. हे मी सगळ्यांना सांगते: छापून ठेवा. स्क्रीनवर क्रमांक शोधेपर्यंत चर्चा पुढे निघून जाते. जुन्या कॉलची रेकॉर्डिंगं दीडपट वेगाने ऐकली तर दोन आठवड्यांत कोण कशासाठी भांडतंय हे कळायला लागतं.

ऐकणं सोपं, लिहायचं म्हटलं की करारनामा लागतो. मसुद्यात काही घालायचं असेल तर कंपनीने ओपन वेब फाउंडेशनच्या नमुन्यातल्या योगदान-करारावर सही करावी लागते. साध्या भाषेत: तुम्ही जे द्याल त्याचा कॉपीराइट इतरांना वापरू द्यायचा, आणि तुम्ही दिलेल्या भागावर तुमचं पेटंट असेल तर ते वापरणाऱ्यांवर चालवायचं नाही. शेवटी, दस्तऐवज पुरा झाल्यावर, आणखी एक करार असतो. त्यात हेच वचन अख्ख्या दस्तऐवजासाठी द्यायचं.

आमच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. काकांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “आपण मोजून काढलेलं लोकांना फुकट का द्यायचं?” रागाने नाही, खरंच विचारलं. माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “काका, तो शुक्रवारचा फोन दुसऱ्या कुणाला यायला नको.” ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनीच पुण्यातल्या एका वकीलबाईंचा नंबर आणून दिला. वकिलांची फी ३५,००० रुपये, वेळ पाच आठवडे. आमच्या नावावर एकही पेटंट नाही, तरी वकीलबाईंनी प्रत्येक कलम समजावून सांगितलं, आणि ते पैसे वाया गेले असं मला वाटत नाही. छोट्या कंपनीला एक सूचना: सही कोण करणार हे आधी ठरवा. आमच्याकडे भागीदारी असल्यामुळे दोघांच्या सह्या लागल्या, आणि दुसरे भागीदार तेव्हा मुलीकडे बंगळूरला होते. त्यात दहा दिवस गेले.

सप्टेंबरअखेर सही झाली. ऑक्टोबरमध्ये मी पहिली सूचना पाठवली. तिच्यात लिहिलं होतं की सप्लाय हाताने घालण्याची स्थितीही तपासली जावी. उत्तर आलं एका ओळीचं: बदललेला मजकूर द्या. मला वाईट वाटलं, पण ते बरोबर होतं. तिथे सूचनांची एक शीट असते. पान, ओळ, आत्ताचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. चौथा रकाना रिकामा असेल तर तुमच्या मुद्द्यावर चर्चाच होत नाही. अडचण कुठे आहे एवढं दाखवून भागत नाही, तिथे बसेल असं वाक्य तुम्हालाच लिहून द्यावं लागतं.

नोव्हेंबरात एक कॉल हुकला. ५ नोव्हेंबरला अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात. मी साडेआठला आले, कुणीच नाही, लॅपटॉप बंद करून जेवायला बसले. कॉल साडेनऊला झाला. मार्चमध्ये हे पुन्हा उलट होतं. फोनमधल्या कॅलेंडरात कॉलची वेळ कॅलिफोर्नियाच्या वेळेने टाका, मग ही भानगड राहत नाही. त्या हिवाळ्यात रात्री साडेनऊ ते साडेदहा ही वेळ ठरून गेली. मुलीला झोपवायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. आई दर मंगळवारी न सांगता खोलीचं दार ओढून घ्यायच्या.

जानेवारी २०२४ पासून आम्ही मोजायला बसलो. नवी जिग बनवली, जिच्यात सप्लाय ठरवून तिरका करता येतो आणि वेग बदलता येतो. खर्च १ लाख ८० हजार. काकांनी तो दिला. शिवाय सहा माणसांकडून प्रत्येकी चाळीस वेळा हाताने सप्लाय घालून घेतला. लाइनवरच्या ताई, स्टोअरचे दादा, दोन ट्रेनी, मी आणि काका स्वतः. झटक्याने ढकलला की पहिल्या स्पर्शापासून शेवटच्या स्पर्शापर्यंत १० मिलिसेकंदही जात नाहीत, आणि घाबरत घाबरत घातला की ७०-८० जातात. आम्हाला वाटत होतं झटका वाईट. निघालं उलटं. २४० पैकी ज्या सात वेळा व्होल्टेज मर्यादेखाली गेला, त्या सातही वेळा हात हळू होता. काळजीने काम करणारा माणूसच तिथे फसत होता. तो शुक्रवारचा माणूसही असाच जपून, हळूहळू सप्लाय सरकवत असणार. त्याने काही चूक केली नव्हती. हे मी त्याला नंतर फोन करून सांगितलं.

हे आकडे मी मार्चमध्ये कॉलवर दाखवले. माझी इंग्रजी बोलताना अडखळते, त्या रात्री तर हात थंड पडले होते. पण स्कोपवरचं चित्र पडद्यावर आलं आणि सगळे गप्प झाले. मग टेक्सासमधले एक वयस्कर इंजिनिअर म्हणाले की ही खाच त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी बघितली होती आणि कुणाला पटवू शकले नव्हते. तिथून पुढे मला बोलायची भीती वाटली नाही.

काम तिथे संपलं नाही, खरं तर तिथे सुरू झालं. टेक्सासच्या त्या इंजिनिअरांच्या बेंचवर आमचीच चाचणी केली तर आकडे वेगळे आले. आमच्या अर्ध्या अंशाला जे होत होतं ते त्यांच्याकडे जवळजवळ एक अंशाला. तीन आठवडे मी आमच्या जिगचे सगळे स्क्रू पुन्हा पुन्हा तपासले. शेवटी उलगडा झाला तो एका फोटोवरून: आम्ही तिरकेपणा कनेक्टरच्या तोंडाशी मोजत होतो, ते हँडलच्या टोकाशी, आणि ढकलताना पत्र्याचं आवरण मध्ये किंचित दबत होतं. म्हणून आता मजकुरात कोन कुठून मोजायचा हे आकृती काढून दिलंय. दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी मोजून आकडे जुळत नाहीत तोवर चाचणी लिहून झाली असं समजू नका. मी तेव्हापासून तसंच करते.

आणि मग ‘शॅल’ आणि ‘शुड’. स्पेकमध्ये ‘शॅल’ म्हणजे केलंच पाहिजे, ‘शुड’ म्हणजे केलेलं बरं. हाताने घालायची चाचणी ‘शॅल’ असावी असा माझा आग्रह होता. तैवानच्या एका उत्पादकाचं म्हणणं, प्रत्येक माणसाचा हात वेगळा, मग एका प्रयोगशाळेत पास झालेला माल दुसरीत नापास होईल आणि भुर्दंड आम्हाला. त्यांचं म्हणणं खरं होतं. पाच कॉल यात गेले. अखेर तोडगा निघाला: ठरवून दिलेला तिरकेपणा आणि दोन वेग, हे यंत्राने करायचं, आणि ते ‘शॅल’. हाताची चाचणी ‘शुड’. मला सगळं मिळालं नाही, पण हळू वेग ‘शॅल’मध्ये आला, आणि माझा जीव त्यातच अडकला होता.

मध्ये व्हिसा. ऑक्टोबरमध्ये सॅन होजेला ओपन कम्प्यूटची जागतिक परिषद असते. अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म मी सप्टेंबर २०२३ मध्येच भरून ठेवला होता. फी १८५ डॉलर, मुलाखतीची तारीख मिळाली जुलै २०२४ ची. त्या काळात तारखांची रांगच तेवढी होती, म्हणून जायचं नक्की नसलं तरी फॉर्म आधी भरा. मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन दूतावासात मुलाखत चार मिनिटं चालली. काय काम करता, कोण खर्च करतंय, परत कधी येणार. कंपनीचं पत्र कुणी बघितलंही नाही, तरी जवळ असू द्या.

तिकीट १ लाख १४ हजार. परिषद १५ ते १७ ऑक्टोबर २०२४. दसरा घरी करून निघाले. राहिले मावसबहिणीकडे सनीव्हेलला, नाहीतर हॉटेलचा खर्च झेपला नसता. नुकत्याच विजेवर आलेल्या कॅलट्रेनने डिरिडॉन स्टेशन, तिथून वीस मिनिटं चालत. परिषदेत सगळीकडे एआयचे रॅक. एनव्हिडियाने त्यांच्या जीबी२०० रॅकच्या आराखड्याचे भाग खुले केले होते, आणि मेटा-मायक्रोसॉफ्टने पॉवर सप्लायच सर्व्हरमधून काढून ४०० व्होल्ट डीसीच्या वेगळ्या रॅकमध्ये नेण्याची कल्पना मांडली होती. आमची पुरवणी पुरी व्हायच्या आतच हे सप्लाय सर्व्हरातून जाणार की काय, असं मनात आलंच. पण लाखो मशीन आज ज्या सप्लायवर चालतात ते अजून कितीतरी वर्षं बदलले जातील, आणि हातानेच बदलले जातील.

१६ तारखेला कोजागिरी होती. ज्यांच्याशी वर्षभर फक्त आवाजाने बोलले होते ते टेक्सासचे आजोबा आणि तैवानचा तो उत्पादक-इंजिनिअर प्रत्यक्ष भेटले. तिघांनी एका गोल टेबलावर बसून उरलेली अकरा वाक्यं दीड तासात संपवली. कॉलवर त्यांना चार महिने लागले असते. रात्री बहिणीच्या गॅलरीत आटवलेलं दूध घेऊन बसले तेव्हा खूप दिवसांनी डोक्यात कुठलाच परिच्छेद नव्हता.

त्यानंतरचे आठ महिने थांबण्यात गेले. गटाची संमती डिसेंबरात झाली. मग मोठ्या समुदायासमोर मसुदा ठेवला, त्यावर ३८ सूचना आल्या, बहुतेक शब्दांच्या. मग शेवटच्या करारावर प्रत्येक योगदान देणाऱ्या कंपनीची सही. एका कंपनीचं कायदा खातं सात आठवडे उत्तर देईना. कुणीही अडवत नव्हतं, तो कागद फक्त कुणाच्या तरी टेबलावर पडून होता. दर सोमवारी सभ्य भाषेत एक मेल टाकत राहणं एवढंच हातात होतं. मग इन्क्युबेशन कमिटी. ती कार्यक्षमता, प्रभाव, खुलेपणा, विस्तारक्षमता आणि शाश्वतता या पाच तत्त्वांवर बघते आणि मत देते. शाश्वततेचा रकाना मी लिहिला: न बिघडलेला सप्लाय संशयावरून फेकला जाऊ नये, म्हणून ही चाचणी.

जूनमध्ये पीडीएफ आली. मी आमची दोन पानं छापून लाइनवर नेली. ताईंना इंग्रजी फारसं वाचता येत नाही, त्यांनी आकृती बघितली. सप्लाय, त्याचं हँडल, लॅच, तिरकेपणाचा कोन आणि दाब कुठे द्यायचा तो बाण. बराच वेळ बघत राहिल्या. मग कागद उलट्या बाजूने धरून म्हणाल्या, “मॅडम, हे उजव्या हाताचं झालं. डावखुरा माणूस असला तर?”

संध्याकाळी दोन्ही हातांनी वीस-वीस वेळा घालून बघितलं. डाव्या हाताने तिरकेपणा दुसऱ्या बाजूला जातो, आणि आखूड पिन ज्या टोकाला आहे त्याच टोकाला. मंगळवारी रात्री साडेआठच्या कॉलआधी मी नवी शीट उघडली आणि पहिली ओळ भरली. या वेळी चौथ्या रकान्यासकट.